टाचणीविना संग्रह

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी एक बंधारा बांधण्यात आला. त्याच्या फुगवट्यात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. गाळावर पाणकणीस, लव्हाळे आणि बेशरमीची झुडपे वाढली आणि पाटबंधाऱ्याच्या कामातून कोणी न ठरवता एक विस्तीर्ण पाणथळ तयार झाली. हेच नांदूर मधमेश्वर. 1986 मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ अशी त्याची ख्याती आहे. लासलगावच्या कांद्याच्या किंवा पिंपळगावच्या द्राक्षांच्या व्यापारानिमित्त ज्यांचे या भागात येणे-जाणे असते, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत येथे येणाऱ्या मोटारी आणि तोफेएवढ्या लांब भिंगांचे कॅमेरे पाहिलेच असतील. ती सारी मंडळी पक्ष्यांसाठी आलेली असतात.

या पाणथळीचा दुसरा हंगाम मात्र त्याआधीच उरकलेला असतो. भाद्रपद सरत आला, की काठावरचे गवत कमरेएवढे होते, उन्हाला धार येते आणि पाण्यावर चतुरांची ये-जा सुरू होते. पर्युषणापासून दिवाळीपर्यंतचा हा काळ कीटकांच्या छायाचित्रणासाठी दख्खनच्या पठारावर सर्वांत चांगला. नांदूर मधमेश्वर हे त्याचे एक ठळक ठिकाण आहे इतकेच. प्रत्येक तालुक्यात पाझर तलाव, जुनी बारव किंवा ओढ्याचे डबके असतेच, आणि पुढे आलेले बहुतेक जीव तेथेही भेटतात.

चतुर आणि टाचणी यांतील फरक एकदा समजला, की पाण्याकाठचे अर्धे चित्र उलगडते. चतुर बसला, की त्याचे चारही पंख आडवे पसरलेले राहतात आणि बहुतेक जातींत त्याचे दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणी अधिक सडपातळ असते. तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना आणि पंख बहुधा पाठीवर मिटलेले. नाव तिच्या अंगकाठीवरूनच पडले आहे. भारतात या दोहोंच्या मिळून सुमारे पाचशे जाती आहेत. दोघांचेही बालपण पाण्याखाली जाते. तेथील पिल्लू मोठे शिकारी असते. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या चिमट्यासारखा असतो आणि डासाची अळी टप्प्यात आली, की तो क्षणार्धात पुढे झेपावतो. पुरेशी वाढ झाली, की पिल्लू लव्हाळ्याच्या काडीवर चढते, त्याची पाठ उकलते आणि आतून पंखधारी चतुर बाहेर येतो. काडीला चिकटून राहिलेली ती पोकळ कात काठावर बारकाईने पाहणाऱ्याला हमखास सापडते.

शंभर वर्षांपूर्वी हे जीव ओळखायचे तर ते मारावेच लागत. जाळीत पकडायचे, विषारी वायूच्या बाटलीत टाकायचे आणि वाळल्यावर टाचणीने पेटीत टोचून ठेवायचे, ही तेव्हाची रीत. भारतीय वैद्यकीय सेवेतील लष्करी शल्यचिकित्सक एफ. सी. फ्रेझर यांनी 1933 ते 1936 या काळात ब्रिटिश भारतातील चतुरांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. आजही अभ्यासक त्याच्याकडे वळतात, पण त्याचा पाया अशाच टोचलेल्या नमुन्यांचा होता. त्या काळाला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरे साधनच नव्हते. आज ते साधन आहे. शंभर मिलिमीटरचे मॅक्रो भिंग, किंवा त्याहून स्वस्तात, फोनला लावायचे छोटे भिंग घेऊन एखादा महाविद्यालयीन मुलगा दोन तासांत तीस-चाळीस जीवांची नोंद घेऊन परत येतो आणि ते सर्व जीव आपापल्या जागी उडत राहतात.

अर्थात छायाचित्र म्हणजे आपोआप अहिंसा, असे समजण्याचे कारण नाही. या छंदाचा एक काळा कोपरा आहे आणि नवशिक्यांना त्याची जाणीव आधीच करून दिलेली बरी. कीटक हालू नये म्हणून त्याला डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवणारे छायाचित्रकार आहेत. थंडीने जीव बधिर होतो, मग त्याला फुलावर बसवून ‘निसर्गातील’ चित्र टिपले जाते. कोणी डिंकाने पाय चिकटवतो, कोणी पिचकारीने पाणी मारून पहाटेचे दव तयार करतो. पार्श्वभूमी मोकळी दिसावी म्हणून आजूबाजूचे गवत कापणे हा तर निरुपद्रवी वाटणारा प्रकार. पण त्या गवतानेच अळीला किंवा कोषाला पक्ष्यांच्या नजरेपासून आडोसा दिलेला असतो. खेड्यांत मुले चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवत. तो खेळ पाहून कळवळणारी माणसे फ्रीजमधून काढलेल्या चतुराच्या चित्राला मात्र मनापासून दाद देतात, कारण त्यांना दोरा दिसत नाही.

जैन जीवविचारात भुंगा, माशी, डास, फुलपाखरू यांची गणना चतुरिंद्रिय जीवांत होते. स्पर्श, रस, गंध आणि रूप जाणणारे हे जीव. पाठशाळेत हे वर्गीकरण तोंडपाठ केलेल्या मुलांना काठावर गेल्यावर त्यातील ‘रूप जाणणे’ म्हणजे काय, हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. मोठ्या चतुराच्या एकेका संयुक्त नेत्रात हजारो सूक्ष्म भिंगे असतात. काही जातींत ही संख्या अठ्ठावीस हजारांच्या घरात जाते. वर, खाली, पुढे आणि बरेचसे मागेही त्याला एकाच वेळी दिसते. त्याच्या नजरेतून सुटत नाही ती हालचाल. कॅमेरा घेऊन लगबगीने जाणारा माणूस दहा पावलांवर असतानाच चतुर उठतो, याचे कारण हेच.

चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार का थांबतो, याचेही उत्तर या काठावर पावलोपावली मिळते. नुकताच कात टाकलेला चतुर काचेसारख्या चकचकीत, ओल्या पंखांनी गवताच्या बुडाशी बसलेला असतो. ते पंख वाळून घट्ट व्हायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात बोटाचा किंवा बुटाचा स्पर्श झाला, तर ते कायमचे चुरगळतात. मग त्याला उडता येत नाही आणि शिकारही करता येत नाही. म्हणून जाणते छायाचित्रकार गवतात शिरत नाहीत. बांधावरची मळलेली वाट, पाण्याशी टेकलेला खडक किंवा गुरांनी तुडवलेला उतार धरतात आणि तेथेच बसून राहतात.

बसून राहण्याने चित्रही चांगले मिळते, हे येथे सांगितले पाहिजे. बहुतेक चतुरांचे नर पाण्याच्या काठी आपली हद्द राखतात. एखादी वाळकी काडी ही त्यांची गादी असते. शिकारीसाठी किंवा प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी चतुर उडाला, तरी अनेकदा अर्ध्या मिनिटात तो त्याच काडीवर परत येतो. चतुर उडून गेला, की नवखा माणूस त्याच्या मागे धावतो. अनुभवी माणूस त्या रिकाम्या काडीकडे दोन पावले सरकतो, गुडघे टेकतो, काडीच्या टोकावर भिंग रोखतो आणि थांबतो. दुसऱ्या फेरीत आणखी एक पाऊल. सरकायचे ते सरळ आणि सावकाश. बाजूला केलेली हालचाल चतुराला चटकन दिसते. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. चार-पाच फेऱ्यांनंतर बहुधा चतुर त्या आकृतीला काठावरच्या दगडांत जमा करतो. पेढीवर गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ही विद्या वेगळी शिकवावी लागू नये.

तांत्रिक बाजू त्यामानाने थोडक्यात सांगता येते. इतक्या जवळून घेतलेल्या चित्रात जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, बाकी सारे धूसर होते. त्यामुळे छिद्र लहान, एफ-8 ते एफ-11 च्या आसपास ठेवावे आणि कॅमेऱ्याची पाठ कीटकाच्या शरीराला समांतर धरावी, म्हणजे डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सर्व एका पातळीत येईल. पंखांची जाळी हवी असेल तर वरून, ओळख हवी असेल तर बाजूने. सर्व भाग स्पष्ट आले नाहीत तर निदान डोळे स्पष्ट असावेत. वेळ सकाळी सात ते नऊची. ऑक्टोबरमधील गारव्याने त्या वेळी जीव स्वतःच सुस्त असतात आणि दव खरे असते; फ्रीज आणि पिचकारी या दोहोंची जागा लवकर उठण्याने भरून निघते. दुपारी बारानंतर प्रकाश कडक होतो, पण त्या वेळी एक वेगळे दृश्य दिसते. ऊन असह्य झाले, की लाल रंगाचा रडी मार्श स्किमर किंवा गुलाबी-जांभळा क्रिमसन मार्श ग्लायडर काडीवर बसल्या बसल्या शेपटी थेट सूर्याकडे उभी करतो. अंगावर कमीत कमी ऊन पडावे, यासाठीची ही युक्ती. न जाणणाऱ्याला ती कसरत वाटते.

पाण्याकाठी गवतावरून फुलपाखरासारखे तरंगत जाणारे, पिवळ्या-काळ्या पंखांचे काही दिसले, तर ते फुलपाखरूच असेल असे नाही. कॉमन पिक्चर विंग नावाचा तो चतुर आहे आणि पहिल्या भेटीत तो जवळपास प्रत्येकाला फसवतो. खऱ्या फुलपाखरांची भेट घ्यायची असेल तर नजर ओल्या मातीकडे वळवावी. पावसानंतरच्या दिवसांत पाण्याच्या कडेच्या चिखलावर पिवळी, पांढरी, निळसर फुलपाखरे दहा-दहा, वीस-वीसच्या घोळक्याने बसलेली असतात आणि सोंड मातीत खुपसून पाणी शोषतात. यांत बहुतेक नर असतात. फुलातील मधात मीठ नसते, ते मातीतून मिळते. या कामात ती इतकी गुंतलेली असतात, की सावकाश गेल्यास वीतभर अंतरावरूनही चित्र घेता येते. पिवळ्या-लाल ठिपक्यांचे हळदीकुंकू मात्र बहुधा झाडांच्या शेंड्यांवरच रेंगाळते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून 2015 मध्ये निवडलेला ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपला नीलवंत, पश्चिमेकडील दमट रानांचा रहिवासी. निफाडच्या उघड्या काठावर त्याची आस धरून बसू नये.

काठावरच्या पडीक जागेत रुईचे झाड असतेच. त्याच्या पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली, तर ती प्लेन टायगर या फुलपाखराची. रुईच्या चिकातील विष ती पचवते आणि अंगात साठवते. म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी त्या केशरी फुलपाखराच्या वाटेला पुन्हा जात नाही. डनाइड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी नेमका हाच केशरी पोशाख घालून फिरते. तिच्या अंगात विष नसते. व्यापारी भाषेत याला दुसऱ्याच्या मार्क्यावर आपला माल खपवणे म्हणतात, पण येथे कोणी दाद मागत नाही. दोघींतील फरक मागच्या पंखावरील काळ्या ठिपक्यांत आहे. प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार ठिपके असतात, तर एगफ्लायच्या पंखावर वरच्या कडेशी एकच. उडत्या फुलपाखरात हा फरक डोळ्यांना टिपता येत नाही. चित्रात येतो.

सप्टेंबरअखेर संध्याकाळी मैदानावर, शाळेच्या पटांगणावर, बाजार समितीच्या आवारावर शेकडो पिवळसर चतुर न बसता घिरट्या घालताना दिसतात. हा वाँडरिंग ग्लायडर. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत त्याची वाढ पुरी होते. डबके आटण्यापूर्वी तो बाहेर पडलेला असतो. मालदीव बेटांवर कायमचे गोडे पाणी जवळपास नाही, तरी दर ऑक्टोबरमध्ये तेथे या चतुरांचे थवे उतरतात. तेथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने अनेक वर्षे नोंदी ठेवल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडला, की हे चतुर भारतातून उंचावरील वाऱ्यांच्या साहाय्याने मालदीव, सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत येतात. हा सारा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा. 2012 मध्ये मालदीवला पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांचा जन्म उत्तर भारतात किंवा त्याहूनही पलीकडे झाला असावा, असे आढळले. एक ग्रॅमही वजन नसलेल्या जीवाचा हा प्रवास आहे. याच वाऱ्यांचा हंगाम साधून जामनगर भागातील हालारी ओसवाल कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गलबतांतून मोंबासाकडे जाऊ लागली, हे आठवले म्हणजे त्या घिरट्यांकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते. चित्र काढायला मात्र हा चतुर कठीण. तो दिवसभर फारसा बसतच नाही. संध्याकाळी काटक्यांना लटकून विसावतो, तेव्हाच गाठावा.

चित्र मिळाले म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. खरे तर अर्धेच झालेले असते. ज्या चित्राला तारीख आणि ठिकाण नाही, ते तारीख नसलेल्या व्हाउचरसारखे; रक्कम कितीही मोठी असो, खात्यात घेता येत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या सार्वजनिक संग्रहात, किंवा भारतीय फुलपाखरे व चतुर यांच्यासाठी अभ्यासकांनी चालवलेल्या संकेतस्थळांवर, दिनांक व स्थळासह चित्र दिले, तर जाणकार ओळख पटवून देतात आणि ती नोंद अभ्यासाला उपयोगी पडते. ओळख पटावी म्हणून एकाच जीवाची तीन चित्रे घ्यावीत: बाजूने, वरून आणि शेपटीच्या टोकाचे जवळून. काही जाती हाती घेऊन भिंगाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तेथे जातीचे नाव ठोकून न देता कुळाचे नाव लिहून थांबावे. अपुरी नोंद पुढे पूर्ण होऊ शकते; चुकीची नोंद मात्र दहा ठिकाणी उतरवली जाते आणि मग निस्तरत बसावे लागते. दुर्मीळ जीव आढळल्यास नेमके ठिकाण उघड करू नये.

अशा नोंदींचे मोल एका साध्या उदाहरणावरून कळेल. डिच ज्युएल नावाचा नारिंगी चतुर सांडपाणी मिसळलेल्या गढूळ पाण्यातही उत्तम जगतो. तो दिसला म्हणून बिघडत नाही. तो सर्वत्रच असतो. पण ज्या तळ्यावर पाच वर्षांपूर्वी वीस जातींची चित्रे मिळाली होती, तेथे आज केवळ डिच ज्युएल आणि आणखी दोन-तीन नावे उरली असतील, तर पाण्याचे काय झाले हे सांगायला वेगळ्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. काठापर्यंत आलेल्या मळ्यांतील फवारणी, वस्तीचे नाले आणि पाणी ओसरल्यावर होणारी गाळपेर, या तिन्हींचा हिशेब अशा चित्रांतून हळूहळू जमतो.

भरावाचा प्रश्न याहून सरळ आहे आणि तो व्यापारी कुटुंबांच्या दाराशी आलेला आहे. गावाबाहेरचा सखल तुकडा स्वस्तात मिळतो; पावसाळ्यात त्यात पाणी साचते, म्हणून व्यवहारात त्याला ‘पडीक’ म्हटले जाते. शंभर-दोनशे ट्रक मुरूम टाकला, की गोदामासाठी जागा तयार. नांदूर मधमेश्वरला कायद्याचे संरक्षण आहे, अशा लहान तुकड्यांना बहुधा ते नसते. वाँडरिंग ग्लायडर आणि काही टाचण्यांची पैदास अशाच उथळ डबक्यांत होते, आणि त्यांची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. खरेदीखत करण्यापूर्वी मोजणी होते, शोध अहवाल निघतो, वकिलाचा सल्ला घेतला जातो. घरातील कॅमेरावाल्या मुलाला सप्टेंबरच्या एका सकाळी त्या तुकड्यावर पाठवले, तर काय भरले जाणार आहे याचीही यादी खरेदीदाराच्या हातात येईल. ती वाचून एखादा कोपरा पाण्यासाठी सोडायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. न पाहता भरू मात्र नये.

प्रवास न करताही आरंभ करता येतो. गच्चीवरील सिमेंटच्या टाकीजवळ, काळपट भिंतीला पाठ टेकून बसलेला, राखी-काळ्या ठिपक्यांचा एक चतुर शहरांतही सापडतो. ग्रॅनाइट घोस्ट हे त्याचे नाव. उघड्या टाकीतही तो अंडी घालतो. भिंतीच्या रंगात तो असा मिसळतो, की हात लागेपर्यंत दिसत नाही. अंगणातील लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या पानांवर लाइम बटरफ्लायची अळी असते, ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी होताना हिरवी होते. अंड्यापासून पंखांपर्यंतचा सारा क्रम दररोज एक चित्र घेऊन, झाडाला हात न लावता, तीन-चार आठवड्यांत पुरा करता येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीतील याहून चांगला उद्योग सुचवणे कठीण आहे.

नांदूर मधमेश्वरला जायचे असेल तर नाशिकहून सुमारे तासाभराचा रस्ता आहे. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याचे नियम पाळावे लागतात आणि चापडगावच्या बाजूने पाण्याजवळ पोहोचता येते. अंगात मळकट, साधे कपडे, पायात बूट आणि बसायला पोते एवढे पुरते. नोव्हेंबर संपत आला, की काठावरची गर्दी ओसरते, लाल आणि गुलाबी नर एकेक करून दिसेनासे होतात. उत्तरेकडून बदके येतात, लांब भिंगे येतात. तारेवर बसलेला वेडा राघू उरलेल्या चतुरांवर झेप घेत राहतो, आणि पाण्याखाली पुढच्या वर्षीची पिल्ले गाळात दडून वाढत असतात.